गाडीवर बसून घेतलेली मापं

आमच्या घरात कातड्याची एकही वस्तू नव्हती. माझे सासरे, ज्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची, कॅनव्हासचे बूट घालायचे. मिस्टरांचा पट्टा जाड पट्टीच्या कापडाचा. लग्न होऊन मी बेळगावात, वडगावच्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा माझ्या पायात निपाणीच्या कातडी चपला होत्या, नव्या आणि करकरणाऱ्या. दुसऱ्या दिवशी मिस्टरांनी हळूच सांगितलं की आप्पांना चालत नाही, आणि सोबत रबरी चपलांचा जोड पुढे केला. तो त्यांनी लग्नाआधीच आणून ठेवला होता. मापाचाही निघाला. त्या एका गोष्टीवरून मला हा माणूस आवडायला लागला.

कारण मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. आमचीही घरं त्यांच्यासारखीच. धम्माची दीक्षा घेतल्यावर प्रत्येक घराने आपापली रेघ ओढली होती. कुणी मेलेली जनावरं ओढायचं थांबवलं, कुणी गावच सोडलं. माझे वडील शाळामास्तर झाले आणि दुकानातून चपला विकत घेऊन ऐटीत घालू लागले. आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती उचलू लागले आणि कातड्याला पुन्हा हात लावला नाही. वखार झेपेनाशी झाल्यावर ते मुलाकडे बेळगावला आले. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या.

मी कॅम्पातल्या एका दवाखान्यात नर्स होते. ड्रेसिंग रूम माझ्याकडे होती. मिस्टर मच्छेला एका वर्कशॉपमध्ये टर्नर. लेथवर लोखंड कातायचं काम आणि उरलेला सगळा जीव त्या एका दोन-स्ट्रोक मोटारसायकलवर. कोल्हापूरकडे मातीवरच्या शर्यती व्हायच्या, तिथे ते जायचे. जीनची पँट, फुटबॉलवाल्यांची नडगीची पट्टी आणि हेल्मेट, एवढ्यावर भागायचं. पडले तरी माती मऊ असते. घरी येऊन मीच टिंक्चर लावायचे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एक दिवस मद्रासहून टपालाने एक फॉर्म आला. तिथे विमानांच्या जुन्या धावपट्टीवर डांबरी ट्रॅकच्या शर्यती होत. फॉर्मवर दोन अटी मी पेन्सिलीने अधोरेखित केल्या. एक, अंगभर सूट हवा, कातड्याचा किंवा तितक्याच मजबूत कापडाचा. दोन, विवाहित असल्यास पत्नीची संमतीची सही हवी.

"रेक्झिनचा शिवून घेतो," मिस्टर म्हणाले. "स्कूटरच्या शिटांना कव्हरं घालणारा हाय ओळखीचा. दोन दिवसांत देतो म्हणालाय. आणि बूट कॅम्पात मिळत्यात, मिलिटरीचे जुने, कॅनव्हासचे."

"आणि हातमोजे?"

"सुती. दोन-दोन घालीन."

म्हणजे सगळं ठरवून झालं होतं. डोक्यापासून पायापर्यंत एकही कातडी तुकडा नाही, असा पूर्ण हिशोब त्यांनी करून ठेवला होता. कुणासाठी, ते दोघांनाही माहीत होतं, आणि आप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते.

मी त्यांना ड्रेसिंग रूममधली एकच गोष्ट सांगितली. मागच्या पावसाळ्यानंतर एक माणूस आला होता, रेक्झिनचं जाकीट घालून गाडीवरून घसरलेला. डांबरावर घासून रेक्झिन तापतं, वितळतं आणि उघड्या मांसाला चिकटतं. मी आणि दुसरी सिस्टर, दोघी मिळून चिमट्याने त्याचे काळे तुकडे वेचत होतो. दोन तास. तो माणूस आईला हाक मारत होता, आणि त्याला स्वतःला नातू होता.

"कातड्याचा सूट असेल तर सही," मी म्हटलं. "नाहीतर नाही."

"आप्पांना काय सांगू?"

"काही सांगू नका. घरात आणायचाच नाही. दवाखान्यात माझं कपाट आहे."

हे बोलताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. अडचण दिसली की मी तिला कप्पा शोधून देते. ही माझी जुनी सवय आहे, आणि ती नेहमीच चांगली असते असं नाही.

मग यादी केली. दवाखान्यातल्या जुन्या चार्टांच्या पाठकोऱ्या कागदांवर मी याद्या करायचे. सूट निवडताना काय काय बघायचं हे सांगणारं आमच्यात कुणी नव्हतं, म्हणून पहिल्या ओळीत नुसतं 'माप' लिहून मी पुढे जखमांकडे वळले. घसरलेला माणूस कुठे सोलतो? कोपर, गुडघा, खांदा, कमरेचं हाड, मनगटालगतचा तळहात. या पाच ठिकाणी, म्हणजे हातमोज्यांतसुद्धा, कातडं दुहेरी हवं आणि आत पॅड. शिवण फाटली तर जाड कातड्याचा उपयोग नाही, म्हणून शिवण दुहेरी आणि शक्यतो आतल्या बाजूला. अस्तर सुती, घाम शोषणारं. वर-खाली वेगळे कपडे नकोत, घसरताना जाकीट वर सरकतं आणि पाठ उघडी पडते. एकसंध हवा. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं, रंग : काहीही.

त्या ओळीवर मिस्टर नाराज झाले.

पहिला सूट बघितला तो जुना, परदेशी. पुण्याच्या एका रेसरचा. कोल्हापूरचे मित्र तो मच्छेला वर्कशॉपवर घेऊन आले. लाल रंग, बाह्यांवर पांढऱ्या पट्ट्या. मिस्टरांनी तो घातला आणि त्यांचा चेहराच बदलला. वर्कशॉपमध्ये आरसा नव्हता. ते दुरुस्तीला आलेल्या स्कूटरच्या छोट्या आरशात स्वतःला तुकड्या-तुकड्याने बघत होते. आधी खांदा, मग छाती, मग वाकून पाय.

"लई भारी दिसतोय," मित्र म्हणाले.

मी खाली बसून गुडघ्याचं पॅड चाचपलं. ते नडगीवर आलं होतं. पुण्याचा माणूस त्यांच्यापेक्षा चांगला वीतभर उंच असणार.

"पॅड गुडघ्यावर नाही," मी म्हटलं.

"वर वढून घेतो की."

"पडताना ओढणार का?"

मित्र हसले. मिस्टरांनी सूट उतरवला, घडी घातली, घडीवरून एकदा हात फिरवला आणि परत दिला. मला वाईट वाटलं. पण यादीवर 'माप' ही पहिली ओळ होती, आणि पहिल्या ओळीला फुली पडली की मी खाली वाचत नाही.

दुसरा बघितला तो कोल्हापुरात शिवलेला, सिनेमातल्या जाकिटासारखं पातळ मऊ कातडं. छान होतं. नखाने दाबलं तरी वळ उठत होता. फुली.

उरलं ते नवीन शिवणं. कॅम्पात एक वयस्कर शिंपी होते, सगळे त्यांना मास्टर म्हणत. आयुष्यभर फौजी वर्द्या शिवलेल्या. घोड्यांच्या खोगिराचं कामही करत, त्यामुळे जाड सुईचं मशीन होतं आणि दुकानात पक्क्या कातड्याचे पट. मी त्यांच्यासमोर यादी ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"बाई, हे कुणी लिहिलं?"

"मी."

"फौजेत असता तर सुभेदार झाला असता."

मग त्यांनी मिस्टरांना समोर उभं केलं. "सावधान," म्हणाले, आणि मिस्टर खरंच सावधान झाले. टाचा जोडलेल्या, छाती पुढे, नजर समोर. मास्टर टेप लावून आकडा सांगत होते आणि मी लिहीत होते. मान, खांदा, पाठ, बाही, कंबर, मांडी, गुडघा, घोटा. अठ्ठावीस मापं. लग्नाला वर्ष होत आलं होतं, तरी भर दिवसा, दारं उघडी असताना, नवऱ्याकडे असं नखशिखांत बघायची माझी ती पहिलीच वेळ. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली होता. लेथमुळे. मी तोही आकडा वेगळा लिहून घेतला.

घरी आप्पांना सांगितलं, जाड कापडाची डांगरी शिवायला टाकलीय. ते म्हणाले, "बरं."

दहा दिवसांनी कच्च्या शिवणीची ट्रायल झाली. काळा सूट, मिस्टरांच्या हट्टाखातर खांद्यावर एक लाल पट्टी. उभे राहिले तेव्हा कुठे एक चुणी नव्हती. मास्टर चारी बाजूंनी फिरून आले आणि आपल्याच कामावर खूश झाले. मी यादीवर एकेक खूण करत गेले. सगळ्या खुणा झाल्या. अशी पूर्ण खुणांची यादी बघून मला जेवल्यासारखं वाटतं. "पक्कं शिवायला घ्या," मी म्हणाले. मास्टर म्हणाले, उद्यापासून घेतो. घरी आल्यावर मी फॉर्मवर सही केली.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मी भाकऱ्या थापत होते, शेजारच्या घरांतून मागांची खटखट चालू होती. आप्पा आत आले आणि माझ्यासमोर पाटावर बसले. हातात मापांचा कागद. मी तो फॉर्मबरोबर फळीवर ठेवला होता. लपवायच्या गोष्टीसुद्धा मी जागच्या जागी ठेवते.

"पोरी, ही मापं कुणाची?"

"डांगरीची, आप्पा."

"डांगरीला अठ्ठावीस मापं लागत्यात व्हय?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

"तुम्ही दोघं कॅम्पातनं आलता त्या दिवशीच मला कळलंतं," आप्पा म्हणाले. "वास आलता कपड्यांना. लपतोय कुठं त्यो वास? मी शाळंत जायचो तवा मास्तर मला दाराबाहेर बसवायचा आणि पोरं नाक धरायची. राखेनं घासून आंघोळ करून जायचो. सत्तर वर्सांचा झालो, आजून मला वास आला की कळतोय."

"आप्पा, घरात आणणार नव्हतो," मी म्हणाले.

"मग कुठं ठेवणार हुता?"

"दवाखान्यात. माझ्या कपाटात."

"आणि तुझ्या सायबानं नाक धरलं म्हंजे?"

ते हसले नाहीत, पण रागातही नव्हते. तेवढ्यात मिस्टर मोरीतून तोंड पुसत आले आणि कागद बघून दारातच थांबले. आप्पांनी त्यांना सरळ विचारलं, "रेक्झिनचा का न्हाय शिवलास?"

"हिनं न्हाय म्हटलं. पडल्यावर वितळून मांसाला चिकटतंय म्हणाली."

"आणि तू तर रेक्झिनच घालणार हुतास? माझ्यासाठी?"

मिस्टर पुन्हा तोंड पुसू लागले.

"माझ्यासाठी सालटं काढून घेणार हुतास? कुणी सांगितलं हुतं रं तुला?" आप्पांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "आमच्या घरच्यांना गावातली मेली ढोरं वढाय लागायची. न्हाय म्हणायची सोय नव्हती. मला न्हाय म्हणायचं हुतं, ते मी म्हटलं. झालं. कातड्याचं आणि माझं काय वैर हाय व्हय? तुला कुणी जुलूम केलाय का ते घाल म्हणून?"

"न्हाय."

"मग तू तुझ्या खुशीनं घाल की."

मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. "पाठीचं माप. मानंपासनं माकडहाडापतूर. हे उभ्याचं हाय न्हवं?"

"हो."

"गाडीवर ह्यो उभा ऱ्हातोय व्हय?"

मी कागदाकडे बघितलं. मिस्टरांनीही बघितलं. नंतर मिस्टर तिथेच, दारात, गाडीवर बसल्यासारखे वाकले. गुडघे दुमडले, कोपरं आत, हनुवटी टाकीवर टेकवल्यासारखी. तसंच वाकलेले असताना मान तिरकी करून माझ्याकडे बघून म्हणाले, "ट्रायलला मी वाकलोच न्हाय गं."

खरंच वाकले नव्हते. मास्टरांनी आयुष्यभर माणसांना सावधानमध्ये मापलं होतं, मिस्टरांना सावधानमध्ये मापून घेताना ऐट वाटली होती, आणि मी आकडे बरोबर उतरवले होते. तिघांनी आपापलं काम चोख केलं होतं. त्या सूटमध्ये बसल्यावर एक तर पाठीची शिवण उसवली असती, नाहीतर वाकताच आलं नसतं. आणि माझ्या यादीवर सगळीकडे बरोबरच्या खुणा.

भाकऱ्या तशाच टाकून मी टेप घेतली. मास्टर पक्क्या शिवणीला बसायच्या आत पोचायला हवं होतं. अंगण अरुंद, तिथे गाडी आणली. स्टँडवर ती हलते, म्हणून आप्पांनी पुढून दोन्ही हातांनी हँडल धरलं. मिस्टर बसले, झोपल्यासारखे टाकीवर वाकले, आणि मी मापं घेऊ लागले. शेजारची मागवाली बाई काठी टेकत बाहेर आली.

"काय गं, लगीन झालं आणि नवरदेवाचा सूट आता शिवताय व्हय?"

"व्हय आक्का," आप्पा म्हणाले. "वरात मद्रासला हाय."

"घोड्यावर न्हाय बसवलं?"

"घोडंच हाय की ह्ये. दाणा खात न्हाय, निस्तं पेट्रोल पितंय."

पाठ साडेचार इंच वाढली. बाही दोन. बसल्यावर गुडघ्याचं पॅड दीड इंच वर चढणार होतं, म्हणजे पुण्याच्या त्या लाल सूटला मी जी फुली मारली होती ती उभ्याने बघूनच मारली होती. हे मी मिस्टरांना तेव्हा सांगितलं नाही. आज लिहिते आहे. सूट त्यांना मोठाच होता, पण वाटला तितका नसणार.

मास्टरांना नवीन कागद दाखवला तेव्हा ते एकेका आकड्यावरून बोट फिरवत गेले. "बाई, बसून माप दिलेलं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नाही," म्हणाले. मग कच्ची शिवण उसवली. पाठीत खांद्याखाली एक आडवी पट्टी घातली, भात्याच्या चुण्यांसारखी, वाकलं की उघडणारी. कोपर आणि गुडघा मुळातच दुमडलेले शिवले. हे त्यांनी त्यांच्या डोक्याने केलं, माझ्या यादीत नव्हतं.

तो सूट मी दवाखान्यात नेला नाही. घरी आणला. बाहेरच्या खोलीत मिस्टरांनी तो घालून दाखवला. आता उभं राहिलं की सगळीकडे चुण्या पडत होत्या, आणि सरळ व्हायचं म्हटलं तरी होता येत नव्हतं. गुडघ्यात वाकून, हात लोंबवत ते आप्पांसमोर चालून आले.

"आता बराबर हाय," आप्पा म्हणाले. "चालताना म्हातारा, गाडीवर पोरगा."

ते खुर्चीतून उठले नाहीत, की हात लावून बघितलं नाही. मीही हातात दिला नाही.

मद्रासला मी रजा काढून गेले. शर्यतीचं वर्णन मला जमणार नाही. गाड्या निघाल्या, आवाज झाला, गवताच्या गाठींआड वळण होतं, आणि तिसऱ्या फेरीत मिस्टर त्या वळणावरून आमच्याकडे आलेच नाहीत. मी माझी बॅग घेऊन चालायला लागले. पळाले नाही. दवाखान्यात आम्हाला पळू देत नाहीत, पेशंट घाबरतात. मी पोचले तेव्हा ते गाठींजवळ बसून हेल्मेट काढत होते.

तंबूत नेऊन मी त्यांना डोक्यापासून तपासलं. डाव्या कोपरावरचं वरचं कातडं घासून गेलं होतं, आतला दुसरा थर शाबूत. कमरेवर लांब पांढरा ओरखडा, सूटवर. पाठीची पट्टी उघडून पुन्हा मिटली होती, एकही टाका तुटला नव्हता. सूट उतरवला. कोपर लाल, पण सोललेलं नाही. गुडघा ठीक. खांदा ठीक. कमरेवर मुका मार, निळं होईल. मापांच्याच कागदावर, प्रत्येक आकड्यापुढे मी खूण करत गेले. अठ्ठावीस. शेवटच्या खुणेला मला कागद दिसेना, तेव्हा मिस्टरांनीच माझ्या हातातली पेन्सिल घेऊन ती केली.

"नंबर न्हाय आला," ते म्हणाले.

"आला," मी म्हटलं.

घरी परतलो तेव्हा दुपार होती. आप्पा दारात कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या बांधत बसले होते, स्टेशनवर घ्यायला निघायच्या तयारीत. गाडी लवकर पोचली होती.

"अंग कसं हाय?" त्यांनी मला विचारलं. मुलाला नाही.

मी कागद काढला आणि वाचून दाखवला. मानेपासून घोट्यापर्यंत, एकेक. ते मान हलवत होते. कोपराला थांबवलं, "परत सांग." मी परत सांगितलं.

बाहेरच्या खोलीत मी सूटची पिशवी कुठे ठेवावी म्हणून बघत होते. खुंटीला लावायला गेले, तर आप्पा मागून म्हणाले, "खुंटीला टांगू नको. खांदा मोडतोय." आणि वर बोट केलं.

छताजवळ, त्यांच्या कॉटच्या बरोबर वर, दोन दोऱ्यांनी बांधलेला एक जाड बांबू आडवा लोंबत होता. साफ तासलेला, गाठी घासून गुळगुळीत केलेल्या. आम्ही नसताना त्यांनी तो बसवला होता. उंची बघितली. सूट टांगला तर त्याचे पाय कॉटला लागणार नाहीत, एवढं माप घेऊनच.

आप्पांनी शेवटपर्यंत कॅनव्हासचेच बूट घातले. मीही त्या घरात रबरी चपलाच वापरल्या. सूट मात्र त्या बांबूवर होता, कोपर घासलेली बाजू भिंतीकडे करून.